टाचेतला काटा

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव
आणि
मा. अधिष्ठाता, श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळे



"टाचमा काटा मोडेल शे असं वाटस." आमच्या भागातली बाई टाचेचं दुखणं सांगते ती याच शब्दांत. काटा कुठे दिसत नाही. टाच उलटी करून पाहिली तर भेगा असतील, नसतीलही. पण तळव्याची कमान जिथे टाचेला मिळते तिथे, आतल्या बाजूला, अंगठ्याने दाबलं की ती पाय झटकन ओढून घेते. पहाटे खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की कळ थेट मस्तकात जाते. भिंतीला धरून दहा-वीस पावलं टाकली की जरा सैल पडतं. मग कामाच्या रगाड्यात दुखणं मागे राहतं, आणि दुपारी घटकाभर टेकून पुन्हा उठावं तर परत तोच काटा.

हे पत्र तुम्हां दोघांना मिळून लिहिते आहे. धुळ्याचं महाविद्यालय जुनं, जळगावचं 2018 पासूनचं. खासगी दवाखान्याची फी ज्याला झेपत नाही असा खानदेशातला माणूस शेवटी तुमच्याच दारात येतो. त्याच्या तोंडी तुमची नावंही नसतात, तो नुसतं 'सिव्हिल' म्हणतो. माझी मागणी एकच आहे. आठवड्यातला एक दिवस टाचेच्या रुग्णांसाठी ठेवा. टाचदुखीच्या उपचारांची आज एक नीट शिडी तयार झाली आहे. बहुतेकांना तिच्या खालच्या दोन पायऱ्यांवरच बरं वाटतं, आणि वरच्या पायऱ्यांवरही मोठी चिरफाड क्वचितच लागते. आमच्याकडे मात्र लोक खालच्या पायऱ्या गाळून एकदम चटक्यावर नाहीतर सुईवर जातात. मीही तशीच गेले होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं यावल तालुक्यात. वर्गाच्या खिडकीतून केळीच्या बागा दिसायच्या. कापणीच्या दिवशी त्या बागेत उभं राहून पाहा. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन मजूर बागेतून बाहेर उभ्या ट्रकपर्यंत जातो आणि रिकामा परत येतो, सकाळपासून दुपारपर्यंत. ओल्या जमिनीत चप्पल रुतते, म्हणून ती बांधावर काढून ठेवलेली असते. माझ्या विद्यार्थ्यांचे बाप हेच काम करायचे, आया निंदणीला आणि कापूस वेचायला जायच्या. जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर कापड दाखवणारी पोरं-पोरी दिवसभर उभी असतात. भुसावळचा ट्रॅकमन खडीवरून मैलोन्‌मैल चालतो. एसटीतली वाहक बाई हलत्या गाडीत एका पायावर भार देऊन तिकिटं देते. आणि घरातली बाई? तिची सासू सारवलेल्या जमिनीवर बसून भाकरी थापायची, ही टाइल्सवर अनवाणी उभी राहून ओट्यावर थापते. चैत्र आला की सप्तशृंगगडाच्या पदयात्रा निघतात, खानदेशातून माणसांची रीघ लागते, आणि नवसाचे म्हणून कित्येक जण तापल्या डांबरावरून अनवाणी चालतात. आमच्याकडे माणसाची सगळी कमाई पायांवर उभी आहे. टाच बसली की रोज बुडाला.

उपाय सांगायला तर अख्खं गाव गोळा होतं. आमची आजी विटेने टाच शेकायची. चुलीत विटकर तापवायची, चिमट्याने बाहेर ओढायची, तिच्यावर रुईची दोन पानं ठेवायची. पानं चर्र वाजून काळपट पडली की त्यावर टाच टेकवायची. त्या उबेने तिला बरं वाटायचं, आणि हात-पायाला उष्णता कळत असेल तर त्यात फारसा धोकाही नाही. बिब्याचं तसं नाही. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरतात, त्याचं तेल सुटतं, आणि तो काळा थेंब टाचेवर सोडतात. बिब्याचं तेल कातडी जाळतं, फोड आणतं.

माझ्या मामीला साखर होती. टाच दुखते म्हणून शेजारणीने बिबा लावला तेव्हा मी समोर बसले होते. पहिल्या थेंबाला मामी हलली नाही. दुसऱ्यालाही नाही. ती म्हणाली, "काहीच व्हत नही, आखो लाव." आम्हाला वाटलं, काय सोसायची ताकद आहे या बाईत! तिच्या तळव्याची जाणीवच गेली होती, हे आम्हांपैकी एकालाही कळलं नाही. आठवड्याने मोजा ओला लागला म्हणून पाहिलं तर फोड फुटून खोल खड्डा पडला होता. सात महिने रोज ड्रेसिंग चाललं. टाच राहिली, पण मामीचं चालणं त्यानंतर कधी पहिल्यासारखं झालं नाही. त्या दुपारी माझ्या तोंडून "थांब" हा शब्द निघाला नाही, हे मला अजून सलतं.

म्हणून टाचेच्या दिवशी तुमच्या दारात पहिलं काम हे व्हावं: बोटाच्या टोकाला सुई लावून साखर, आणि तळव्याला नायलॉनच्या धाग्याचा स्पर्श. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा तो साधा धागा. डोळे मिटलेल्या रुग्णाला त्याचा स्पर्श कळत नसेल तर त्याच्या टाचेला शेक, चटका, काही नको. आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटींच्या वर आहेत, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितलं. त्यातल्या पुष्कळांना टाच दुखते म्हणून दवाखान्यात आल्यावरच आपली साखर कळेल.

इथे आयुर्वेदाबद्दल एक सांगायला हवं. सुश्रुतसंहितेत या दुखण्याला वातकंटक म्हटलं आहे. कंटक म्हणजे काटाच. पाऊल वेडंवाकडं पडल्याने होतो, असं कारणही दिलं आहे. आमची अहिराणी बाई आणि सुश्रुत एकच उपमा वापरतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याच ग्रंथात अग्निकर्माचा वेगळा अध्याय आहे, आणि शिकलेले वैद्य आजही तापलेल्या शलाकेने टाचेवर मोजके बिंदू देतात. स्वच्छ जागी, निवडलेल्या रुग्णावर केलेलं ते काम आणि ओसरीतला बिब्याचा चटका यांची गल्लत होऊ नये. साखर असलेल्याने मात्र दोन्हीपासून लांब राहावं.

आता माझी टाच. एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि चोचीसारखं एक टोक दाखवलं: "हाड वाढलंय." मी घाबरले. त्याच बैठकीत टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं. दीड महिना स्वर्ग! मग काटा परत आला. दुसरं इंजेक्शन, मग तिसरं. सगळं दहा महिन्यांच्या आत, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. आधी किती झाली हे मला कुणी विचारलं नाही, आणि सांगायला हवं हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यानंतर दुखण्याची जातच बदलली. टाचेखाली निसर्गाने चरबीची गादी दिलेली असते, ती झिजल्यासारखी झाली. फरशीवर चालताना वाटायचं, हाड फरशीवर आपटतंय.

ही गोष्ट एकट्या माझी असती तर पत्र लिहिलं नसतं. टाचेत वारंवार दिलेल्या स्टिरॉइडने ही गादी विरते आणि कधी कधी तळव्याचा पट्टा तुटतो, हे वैद्यकाला केव्हापासून माहीत आहे. अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाचदुखीच्या 765 रुग्णांपैकी 51 जणांचा पट्टा तुटलेला आढळला. त्यांतल्या 44 जणांना आधी स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालेलं होतं. ऑस्ट्रेलियात 2012 साली 82 रुग्णांवर सोनोग्राफीच्या आधाराने, अगदी नीट जागी सुई घालून प्रयोग झाला. चार आठवड्यांनी दुखणं कमी होतं. आठ आणि बारा आठवड्यांनी, नुसतं खारं पाणी टोचलेल्यांत आणि स्टिरॉइडवाल्यांत दुखण्याचा फरक उरला नव्हता. स्टिरॉइड वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला उद्या कामावर गेल्याशिवाय चूल पेटणार नाही त्याला महिनाभराची उसंतही मोठी असते. पण ती उसंत आहे हे त्याला सांगितलं पाहिजे, आणि त्या महिन्यात खालच्या पायरीचं काम करून घेतलं पाहिजे. मधुमेह्याला आणखी एक सांगायचं: या इंजेक्शनाने काही दिवस साखर चढते.

आणि ते वाढलेलं हाड? टाच कधीच न दुखलेल्या माणसांच्या एक्स-रेतही ते टोक सापडतं, आणि टाच दुखून हैराण झालेल्या कित्येकांच्या एक्स-रेत सापडत नाही. ते टोक टोचत नसतं. दुखतो तो तळव्याचा पट्टा, प्लान्टर फॅसिया. टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या बुडाशी जाणारा हा चिवट, जाड पट्टा पावलाची कमान तोलून धरतो. जुन्या मोटेची आठवण ज्यांना आहे त्यांना हे लगेच कळेल. चाकावरून दोर ओढला की मोट वर येते; तसं चालताना बोटं मागे वळली की हा पट्टा ताणला जातो आणि कमान उचलली जाते. हिक्स नावाच्या डॉक्टरांनी 1954 साली पावलाची ही रचना रहाटाच्या उपमेनेच समजावून सांगितली. दिवसाला हजारो वेळा तो दोर ताणला जातो. पोटरी आखडलेली, वजन वाढलेलं, चपलेचा तळ झिजून पापड झालेला, वय चाळीस-साठच्या मधलं, की टाचेजवळच्या टोकाला दोर झिजायला लागतो. रात्रभर पाय ढिला राहिल्याने तो आखडतो, म्हणून पहाटेचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट.

या आजाराचं नाव प्लान्टर फॅसिआयटिस. नावात सूज आहे. पण 2003 साली शस्त्रक्रियेत काढलेले 50 जणांचे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा सुजेच्या खुणा सापडल्या नाहीत. सापडली ती झीज, विस्कटलेले धागे. हे कळल्यावर मला माझ्या गोळ्यांच्या पाकिटांकडे पाहवेना. सूज उतरवायच्या गोळ्या दुखणं थोडं दाबतात, पण झिजलेल्या दोराला पीळ भरायचा तर त्याला पुन्हा थोडा थोडा ताण द्यायला हवा.

तो ताण मला एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवला. तिला सात मिनिटं लागली, आणि माझ्या टाचेच्या सगळ्या वर्षांतली ती सर्वांत मोलाची सात मिनिटं. तिने मला पलंगावरच बसवलं. "ताई, पाय खाली सोडायच्या आधी करायचं," म्हणाली. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्यायचा. एका हाताने पाचही बोटं धरून नडगीकडे मागे ओढायची. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावरून फिरवायचा. पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ लागला पाहिजे. लागला नाही तर बोटं अजून मागे. दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप मात्र कुठल्याही परिस्थितीत पहिल्या पावलाच्या आधी. 2003 साली अमेरिकेत याच ताणाची तुलना नेहमीच्या पोटरीच्या ताणाशी झाली. आठ आठवड्यांनी हा ताण करणाऱ्यांना जास्त आराम होता.

तीन आठवड्यांनी तिने दुसरा धडा दिला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच बाहेर अधांतरी. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद वरच, तीन सेकंदांत खाली. एक दिवस आड. आधी दोन्ही पायांवर, मग एकावर, आणि पुढे पाठीला दप्तर अडकवून. माझ्या नातवाच्या जुन्या दप्तरात मी शाळेतली मराठीची पुस्तकं भरली होती. डेन्मार्कमध्ये 2014 साली ही पद्धत तपासली गेली. तीन महिन्यांनी नुसत्या ताणापेक्षा ती सरस ठरली, वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास बरोबरीला आले. म्हणजे लवकर उभं राहायचं असेल त्याने ही पायरी चढावी. केळीच्या मजुराला लवकरच उभं राहायचं असतं.

मला पाचव्या महिन्यात फरक कळला. एका सकाळी मी मोरीपर्यंत जाऊन आले आणि मग लक्षात आलं की भिंतीला हात लावला नव्हता. नुसत्या अशा उपायांनी दहांतले आठ-नऊ रुग्ण वर्षभरात सुधारतात. त्याला टाचेची मऊ गादी किंवा सिलिकॉनचा कप, धड तळाची चप्पल, आणि वजन असेल तर ते उतरवणं यांची जोड लागते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आड येते: स्वयंपाकघरात देव्हारा, म्हणून पायात काही नाही. मी घरात वापरायची एक वेगळी, धुतलेली, जाड तळाची जोडी केली आणि ती ओट्यापुढेच ठेवते. माझ्या मते देवाला ती चालेल.

आता तुम्ही म्हणाल, व्यायाम सांगायला मोठं रुग्णालय कशाला? तर तो सांगायला नको, दाखवायला हवा. केसपेपरवर 'व्यायाम करणे' एवढं लिहून तो होत नाही. बोटं कुठे धरायची, किती ओढायची, अंगठ्याखाली तार लागली का, हे रुग्णाच्या पायाला हात लावूनच कळतं. सातपुड्यातून चोपडा-शिरपूरला उतरून आलेल्या बाईला ते पावरीत कळलं पाहिजे, पारोळ्याच्या बाईला अहिराणीत. तुमच्याकडे शिकणारी मुलं-मुली यातल्याच गावांतून आलेली आहेत. एका बाकावर दहा जणींना ओळीने बसवून एक विद्यार्थिनी हे अर्ध्या तासात करून घेऊ शकेल. मी 31 वर्षं वर्ग घेतला आहे, हे होतं. आणि तिथे बसलेल्या दहा जणी घरी जाऊन आणखी दहा जणींना दाखवतील, याबद्दल मला शंका नाही.

सहा महिने मनापासून करूनही ज्याचं दुखणं हटत नाही, त्याच्यासाठी पुढच्या पायऱ्या. इथे तुमची खरी गरज आहे, कारण या गोष्टी आज ऐपतवाल्याला शहरातल्या खासगी केंद्रांत मिळतात आणि बाकीच्यांना त्यांची नावंही माहीत नाहीत.

पहिली, शॉकवेव्ह. नावाने लोक भितात, विजेचा झटका समजतात. वीज नाही, ध्वनीच्या दाबाच्या लाटा. मूतखडा बाहेरूनच फोडायचं यंत्र सगळ्यांना ऐकून माहीत आहे. त्याचा पहिला रुग्ण 1980 साली म्युनिकमध्ये झाला, आणि त्याच तत्त्वावरच्या यंत्राला टाचेसाठी अमेरिकेत 2000 साली मान्यता मिळाली. टाचेवर जेल लावतात, नळकांड्यासारखा हँडल टेकवतात, आणि दुखऱ्या जागेवर साधारण दोन हजार ठोके देतात. काही मिनिटांचं काम. आठवड्याने एक, अशा तीन ते पाच बैठका. चीर नाही, टाका नाही, भूल लागत नाही. ठोके बसताना दुखतं हे मात्र आधी सांगावं. गुण लगेच येत नाही. झिजून थंड पडलेल्या पट्ट्याला ठोक्यांनी डिवचून शरीराची दुरुस्ती नव्याने सुरू करायची, असा तो मार्ग आहे. सहा ते बारा आठवडे थांबावं लागतं. तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून लोक सोडून देतात ते याच अज्ञानापायी. गर्भारपणात, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना किंवा त्या जागी गाठ असेल तर हे देत नाहीत.

दुसरी, पीआरपी. डेंग्यूने प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोचवला आहे, म्हणून समजवायला सोपं. रुग्णाचंच थोडं रक्त काढायचं, यंत्रात घुसळून लोणी वर यावं तसा प्लेटलेटचा दाट भाग वेगळा करायचा, आणि सोनोग्राफीत पट्ट्याची झिजलेली जागा पाहून तिथे टोचायचा. निरोगी पट्टा चार मिलिमीटरच्या आत असतो, दुखरा त्याहून जाड दिसतो. सुई कुठे जाते ते पडद्यावर दिसतं. स्टिरॉइडशी तुलना करणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत पहिल्या महिन्यात स्टिरॉइड पुढे आणि सहा महिने-वर्षाने पीआरपी पुढे असं चित्र आहे. तयार करण्याची रीत जागोजागी वेगळी असल्याने सगळे निष्कर्ष एकसारखे नाहीत, हेही रुग्णाला सांगावं. टोचल्यावर दोन-चार दिवस दुखणं वाढतं, आणि त्या काळात सूज उतरवायच्या गोळ्या टाळायच्या असतात. रक्त वेगळं करायचं काम रक्तपेढीला नवं नाही.

शेवटची पायरी चाकूची, पण तोही आता बारीक झाला आहे. 1991 साली अमेरिकेत बॅरेट आणि डे या दोघांनी दुर्बिणीतून पट्टा सोडवायची पद्धत मांडली. एक-दोन लहान छेदांतून पट्ट्याचा आतला भाग, अर्ध्याहून कमी, कापायचा. पूर्ण कापला तर दोरच तुटतो, मग कमान बसते आणि दुखणं पावलाच्या बाहेरच्या कडेला सरकतं. सुईइतक्या छिद्रातून रेडिओलहरींनी किंवा अतिध्वनीच्या टोकाने झिजलेला भागच तेवढा काढायच्या पद्धतीही आल्या आहेत. पोटरी फारच आखडलेली असेल तर तिथला स्नायुबंध थोडा सैल करतात आणि टाचेला हातही लावत नाहीत. हे सगळं शंभरातल्या मोजक्यांसाठी. "हाड वाढलंय, घासून काढू" एवढ्यावर कुणाची टाच उघडली जाऊ नये.

या शिडीआधी एक चाळणी मात्र लागते, आणि ती तुमच्याच हातांनी व्हायला हवी. पंचविशीतला मुलगा, दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर तासभर आखडलेली: त्याचं दुखणं टाचेत नाही, त्याला मणक्याच्या संधिवाताची तपासणी हवी. टाच दोन्ही बाजूंनी हाताने दाबली आणि ओरडायला झालं, तर हाडाला बारीक तडा असू शकतो; पदयात्रेहून आलेल्यांत हे जरूर पाहावं. मुंग्या, जळजळ, झोपेतही ठणका असेल तर नस चिमटली असेल. आठ-बारा वर्षांच्या धावणाऱ्या पोराची टाच तर निराळंच प्रकरण आहे, ती वाढीच्या वयाची आहे आणि विश्रांतीने बरी होते. या सगळ्यांना एकाच इंजेक्शनाच्या रांगेत उभं केलं तर नुकसान कुणाचं होतं, हे तुम्हाला मी काय सांगावं.

म्हणून एक कार्डही मागते. पोस्टकार्डाएवढं, टाचेचं चित्र छापलेलं. साखर किती, धागा कळतो का, व्यायाम कधी शिकवला, इंजेक्शन कुठे, कधी, कितवं. गरोदर बाईचं कार्ड असतं, बाळाच्या लसीचं असतं. माझ्या हातात असं कार्ड असतं तर तिसरी सुई टोचणाऱ्याने निदान आधीच्या दोन पाहिल्या असत्या. आणि त्या कार्डांची एक प्रत तुमच्याकडे राहिली तर दोन वर्षांत तुमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाचा विषय शोधावा लागणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या आणि डेन्मार्कच्या टाचांवरून आम्ही शिकलो. घड वाहणाऱ्या, अनवाणी, चिखलातल्या टाचेला किती आठवड्यांत गुण येतो, हे जळगाव आणि धुळ्यालाच मोजता येईल.

दोन्ही शहरांमध्ये नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचं अंतर आहे, आता रस्ताही चौपदरी आहे. शॉकवेव्हचं यंत्र उचलून नेता येण्याजोगं असतं. दोन घेता आली तर उत्तमच. एकच मिळालं तर सोमवारी जळगाव, गुरुवारी धुळे असं फिरवा. बैठक आठवड्यातून एकदाच असते, वेळापत्रक आपोआप जमतं.

सुरुवात करायची तर चैत्र पौर्णिमेच्या आधी करा. पदयात्री निघायच्या आत चार आठवडे त्यांना हा ताण शिकवला आणि अनवाणी चालणाऱ्यातल्या साखरवाल्यांना तेवढं बाजूला घेऊन समजावलं, तर परतताना रांग पुष्कळ लहान असेल. माझी वहिनी धुळ्यात राहते, चक्करबर्डीच्या रुग्णालयापासून रिक्षाच्या अंतरावर. तिची उजवी टाच मागच्या दिवाळीपासून दुखते आहे आणि परवा फोनवर ती बिब्याचं विचारत होती. मी तिला थांबवलं आहे. टॉवेलची गुंडाळी कशी करायची ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं, पण तिचा अंगठा तारेवर पडतो की बाजूला, हे मला इथून दिसत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जळगाव